‘वर्ष बरोबर आहे ना? मग झालं!’ : ग्रीन कार्डावरच्या चुकांबद्दल आपल्या मंडळाला खुले पत्र

मंडळाची कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण जोडपं उभं होतं. मुलाच्या आईचं ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवानगीचं कार्ड, आदल्याच दिवशी टपालाने आलं होतं आणि तिच्या नावात एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. पोराने ते रांगेतल्या दोघातिघांना दाखवलं. वाढायला उभ्या असलेल्या आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मसालेभाताचा डाव हवेत तसाच धरून कार्डाकडे पाहिलं आणि निकाल दिला, “अहो, एका अक्षराने काय होतंय? फोटो आईचाच आहे ना? मग झालं!” सगळे हसले. मुलगाही हसला. कार्ड खिशात गेलं, पानात जिलबी पडली, रांग पुढे सरकली.

मी तिथे गप्प बसलो. बोलायला हवं होतं. ते राहून गेलं म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि खुलं लिहितो आहे, कारण हा सल्ला एका माणसाचा नाही. आपल्या मंडळात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मलाही तो मिळाला होता, याच मंडळात, २०१३ च्या दिवाळीत.

त्या वर्षी माझं कार्ड आलं. माझी जन्मतारीख ७ नोव्हेंबर. कार्डावर ११ जुलै. चूक कोणाची, तर सर्वस्वी माझी. जन्मभर ७/११ लिहायची सवय, अर्जात एका जागी हात सवयीने चालला. इथे महिना आधी लिहितात हे मला काय ठाऊक नव्हतं? दहा वर्षं या देशात काढली होती. पण सही आणि जन्मतारीख माणूस डोक्याने लिहीत नाही, मनगटाने लिहितो. कार्डाचं पाकीट आलं त्या संध्याकाळी आमच्या हिनेच चूक पकडली. मी दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकांना विचारलं. ते म्हणाले, “वर्ष बरोबर आहे ना? मग झालं!” काका आता नाहीत. मी या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, पहिल्या थंडीत स्वतःचा कोट त्यांनी मला दिला होता. त्यांचा शब्द मोडायचं मनातही आलं नाही, आणि खरं सांगायचं तर अर्ज करायचा आळसही होता. आळसाला मोठ्या माणसाचा आधार मिळाला की तो फार सुखात राहतो.

पुढची पाच वर्षं मी दोन वाढदिवसांचा माणूस होतो. वाहन परवान्याची मुदत संपली तेव्हा नवा परवाना कार्ड पाहून झाला, त्यावर ११ जुलै आली. परवाना पाहून आरोग्य विम्याच्या कागदावर ११ जुलै आली. सोशल सिक्युरिटीच्या सरकारी कचेरीकडे मात्र एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या दिवसांपासूनची ७ नोव्हेंबर होती, भारतीय पासपोर्टवरही तीच. औषधाच्या दुकानात खिडकीपलीकडून “जन्मतारीख?” असं विचारलं की मी मनात आधी विचारायचो, कुठली? एकदा मुंबईहून परतताना रात्री एक वाजता चेक-इनच्या खिडकीवर त्या बाईंनी पासपोर्ट आणि कार्ड शेजारीशेजारी ठेवून पाहिलं, मग वरच्या माणसाला बोलावलं. मला पाऊण तास बाजूला उभं केलं. त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या हातातले दोन कागदच एकमेकांना खोटं पाडत होते.

२०१८ मध्ये नागरिकत्वाच्या अर्जाला बसलो आणि तेव्हा वकीलबाईंनी जे सांगितलं ते मी काकांच्या सल्ल्याबरोबर जन्मभर लक्षात ठेवणार आहे. नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही जी जन्मतारीख शपथेवर खरी म्हणून देता, ती चुकीची होती असं नंतर लक्षात आलं, तरी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दुरुस्त करून मिळत नाही. इमिग्रेशन खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, छापताना चूक केली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याच शपथेवरची चूक मात्र तुमच्या गळ्यात कायमची पडते, नियमच तसा आहे. म्हणजे कार्डाच्या टप्प्यावर जी चूक एका अर्जाने सुटते, ती पुढच्या टप्प्यावर दगडावरची रेघ होते. आणि मग त्या प्रमाणपत्रावरून अमेरिकी पासपोर्ट, पासपोर्टवरून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड. तिकडे भारतीय पासपोर्ट जमा करताना एक तारीख, इकडे नव्या पासपोर्टवर दुसरी, आणि गावाकडच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला गेलात की तलाठी विचारणार, हा माणूस तोच कशावरून?

मी आधी कार्ड दुरुस्त केलं. चूक माझी, म्हणून फीसुद्धा माझी. तेव्हा अर्जाचे ४५५ डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५, एकूण ५४० डॉलर. नागरिकत्वाचा अर्ज वर्षभर मागे पडला तो वेगळा.

माझं रडगाणं इथे पुरे. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

कार्डावरची चूक सुधारायचा अर्ज एकच, आय-९०. हरवलेलं, दहा वर्षांची मुदत संपलेलं, फाटलेलं, सगळी कार्डं याच अर्जाने बदलून मिळतात. त्यात कारण निवडायचं असतं आणि सगळी मेख त्या चौकटीत आहे. कार्डावरची माहिती खात्याच्या चुकीने चुकली असेल तर त्याची स्वतंत्र चौकट आहे, आणि त्या कारणाला फी नाही. चूक तुमच्या अर्जातून आली असेल तर फी भरा. १ एप्रिल २०२४ पासून ती ऑनलाइन ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर आहे, ठशांचे पैसे त्यातच आले. फीचे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर पाहूनच भरा. माझ्या पत्रावर विसंबू नका.

पण चूक कोणाची हे ठरवायचं कशावरून? तुम्ही अर्जात काय लिहिलं होतं त्यावरून. आणि तुम्ही काय लिहिलं होतं हे तुम्हाला आठवतं का? आपल्या मंडळात मी वीसेक जणांना तरी विचारलं असेल. भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत दोघांकडे निघाली. बाकीच्यांचं उत्तर, “वकिलाकडे असेल.” वकील बदललेला, कंपनी बदललेली, ई-मेलचा पत्ता जुन्या कंपनीबरोबर गेलेला. ज्या कागदावर फी माफ होणार की चारशे डॉलर जाणार हे ठरतं, तो कागद घरात नाही आणि मिक्सरच्या वॉरंटीचं कार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं.

दुसरी गोष्ट, चुकीचं कार्ड अर्जासोबत परत द्यावं लागतं. झेरॉक्स नाही, मूळ कार्ड. लोक इथेच घाबरतात आणि अर्ज करायचंच टाळतात. कार्ड हातातून गेलं की दाखवायचं काय? यावर उपाय आहे. खात्याच्या संपर्क केंद्राला फोन करून तात्पुरता पुरावा मागता येतो, त्याला आपली मंडळी ‘स्टॅम्प’ म्हणतात. पूर्वी त्यासाठी कचेरीत जाऊन पासपोर्टवर शिक्का मारून घ्यावा लागे. २०२३ पासून काही जणांना तो पुरावा फोटोसह कागदावर टपालानेही मिळतो. ज्यांनी मुंबईतल्या वकिलातीतून स्थलांतराचा व्हिसा घेऊन नुकताच प्रवेश केला आहे, त्यांच्या पासपोर्टवरचा तो व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का मिळून एक वर्षापर्यंत ग्रीन कार्डाचंच काम करतो. व्हिसावर तसं छापलेलंच असतं, कुणी वाचत नाही. कार्ड पाठवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढा आणि पाकीट पोहोचल्याची पावती मिळेल अशाच टपालाने पाठवा. येत्या महिन्यात भारतात जायचं असेल, तर आधी स्टॅम्प, मग तिकीट. हा क्रम उलटा करणारे निदान तिघे मला माहीत आहेत.

आणि आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा की कार्ड चुकलं म्हणून कायम रहिवासाचा दर्जा जात नाही. तो दर्जा मंजुरीने मिळालेला असतो. कार्ड हा त्याचा पुरावा. एका आजींनी कार्डावरची चूक कळल्यावर चार रात्री झोप घेतली नव्हती, पोलीस घरी येतील म्हणून.

खात्याकडून चुका होतात का? होतात, आणि हे मी माझ्या अनुभवावरून सांगत नाही. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला, त्यात मागच्या तीन वर्षांत निदान १९,००० कार्डं चुकीच्या माहितीची किंवा दोनदा छापून गेल्याची नोंद आहे. मग मे २०१८ मध्ये यूएससीआयएसने स्वतःच जाहीर केलं की फेब्रुवारी ते एप्रिल २०१८ या काळात छापलेली सुमारे ८,५४३ कार्डं परत मागवत आहोत, कारण त्यांवर ‘रहिवासी केव्हापासून’ ही तारीख चुकली आहे. ती कार्डं अमेरिकी नागरिकांशी लग्न झालेल्यांची होती. ही तारीख अनेकांना शोभेची वाटते. पण नागरिकत्वाची पाच वर्षं तिथूनच मोजतात, नागरिकाच्या जोडीदाराची तीन वर्षंही तिथूनच. ती तारीख चुकीने पुढे सरकली तर तुमचा अर्जही तेवढाच लांबतो, आणि उशीर आपल्या कार्डामुळे झाला हे तुम्हाला कधी कळतही नाही. तेव्हा कार्ड आलं की फोटो कसा आलाय हे सोडून आधी तळाची ती तारीख वाचा. जन्मतारखेत महिना अक्षरांत असतो, पण या तारखेत आणि मुदतीच्या तारखेत तो आकड्यांत असतो, आणि आधी असतो. माझ्यासारख्या मनगटाने वाचणाऱ्यांनी दोनदा वाचा.

वर्गाच्या, म्हणजे ग्रीन कार्ड कुठल्या आधारावर मिळालं त्या, खान्यातली अक्षरं आणि आकडेही वाचा. आपल्यातल्याच एका सुनेची गोष्ट सांगतो, तिची परवानगी घेऊन. पुण्यात लग्न, नवरा इथला नागरिक, मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत. व्हिसा हातात आला तेव्हा लग्नाला दोन वर्षं व्हायला थोडे दिवस कमी होते, म्हणून व्हिसावर वर्ग पडला सीआर१, म्हणजे सशर्त. मग सासरच्यांनी मुहूर्त पाहिला, तिनेही आईकडे एक महिना जास्त काढला, आणि ती इथे उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं आणि तीन आठवडे झाले होते. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर वर्ग आयआर१ व्हायला हवा आणि कार्ड दहा वर्षांचं यायला हवं. उतरल्यावर खिडकीवर लग्नाचा दाखला दाखवून एवढं एक वाक्य तिने बोलायचं होतं. तिला ते माहीत नव्हतं, नवऱ्याला नव्हतं, आणि तिचं स्वागत करायला विमानतळावर जमलेल्या आपल्या अकरा जणांपैकी एकालाही नव्हतं. आपण ढोल मात्र नेला होता. दोन वर्षांचं कार्ड आलं. ते ती तसंच ठेवून बसली असती तर मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत शर्ती काढून घेण्याचा आय-७५१ अर्ज, त्याचे आज ७५० डॉलर, आणि पुराव्यांचं बाड: एकत्र बँक खातं, एकत्र भाडेकरार, एकत्र फोटो. नशिबाने तिच्या ऑफिसातल्या एका मेक्सिकन मैत्रिणीला हे ठाऊक होतं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडून तिने कार्ड बदलून घेतलं. मेक्सिकन मैत्रिणीला ठाऊक होतं, पंचवीस वर्षं जुन्या मराठी मंडळाला नव्हतं. हे मला टोचलं. तुम्हालाही टोचावं म्हणून लिहिलं.

आता नावाबद्दल. इथे मी आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःला पुन्हा उभं करतो.

आपलं नाव तीन पेडांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात खाने दोन, आडनाव आणि नाव. मधलं नाव कुणाच्या पासपोर्टात पहिल्या नावाला जोडून, कुणाच्यात गाळलेलं, आणि कुणाच्यात तिन्ही नावं एकाच खान्यात कोंबून दुसरा खाना कोरा. कोरा खाना ज्यांचा, त्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. आपल्या एका मित्राला त्याचे सहकारी वर्षभर ‘फनू’ म्हणत. तो हसण्यावारी नेई, पण त्याचं नाव मुळात आजोबांवरून ठेवलेलं. अशा नावाचं कार्ड आलं तर ती छपाईची चूक नव्हे. मूळ दुखणं पासपोर्टात आहे. पासपोर्ट आधी दुरुस्त करा, मग कार्ड. कार्डापासून सुरुवात केली की दोन्हीकडून हात हलवत परत यावं लागतं.

आणि मग स्पेलिंग. आपला ‘ज्ञ’ घ्या. मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला जी-वाय, संस्कृतवाला जे-एन. एका स्नेह्यांच्या आईच्या ग्रामपंचायतीतल्या जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर मी करून दिलं होतं. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही ते करून ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही केली की चालतं, नोटरी लागत नाही. मी मोठ्या ऐटीत सही केली. त्या आईंच्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. पासपोर्टात डी-एन-वाय होतं आणि मी लिहिलं जी-वाय, कारण त्या आठवड्यात ऑफिसात ग्यानेश नावाच्या मुलाबरोबर काम करत होतो. हात पुन्हा मनगटाने चालला! पुढे त्या नावावरून पत्रव्यवहार झाला, खुलासा मागवला गेला, आणि सत्तरीच्या त्या माउलीला स्वतःच्या बापाचं नाव सिद्ध करावं लागलं. तेव्हापासून मी भाषांतर करताना पासपोर्ट शेजारी उघडा ठेवतो आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत जुळवतो. आमची ही म्हणते, मंत्रपुष्पांजली चालली आहे.

जन्मदाखल्यांचं तर विचारूच नका. आपल्या आईवडिलांच्या पिढीत कित्येकांच्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा आणि फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव बारशाला ठेवलं, नोंद आधीच झाली होती. ते नंतर घालून घेता येतं का, हे विचारायलाही गावी कुणीतरी ग्रामपंचायतीत दोन खेपा घालायला हवा. आणि १ जूनचे वाढदिवस! गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्या वर्गाला एकच जन्मतारीख वाटून टाकली. माझ्या सासऱ्यांची १ जून, त्यांच्या भावाची १ जून, शेजारच्या अण्णांची १ जून. तेव्हा कार्डावर १ जून आली की ‘ही चूक आहे, खरी तारीख आषाढातली’ म्हणून अर्ज करायला धावू नका. पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि कार्ड या तिन्हींवर जर तीच तारीख असेल, तर कागदोपत्री तुमचा जन्म गुरुजींनी ठरवला त्याच दिवशी झाला. खरा वाढदिवस घरात श्रीखंड करून साजरा करा.

काही गोष्टी मुळात चुका नसतातच. फार लांब नाव असेल तर ते छापताना तोडतात. कार्डाच्या मागच्या बाजूला, यंत्राने वाचायच्या ओळीत, तीसच अक्षरं बसतात, त्यामुळे तिथे नाव अर्धवट दिसणारच. सहीच्या जागी ‘सही माफ’ या अर्थाचे शब्द असतील तर तेही ठीक. लहान मुलांच्या कार्डाचं मात्र लक्षात ठेवा: मूल चौदा वर्षांचं झालं की तीस दिवसांत त्याचं कार्ड बदलायला टाकायचं असतं. चूक नसली तरीही. हे माझ्या पाहण्यात निम्मी घरं विसरतात.

आणि खरं तर कार्डावरची चूक कार्डावर जन्मत नाही. ती महिनोन्‌महिने आधी, अर्ज पोहोचल्याच्या आय-७९७ या पोचपत्रात दिसायला लागते. ते पत्र आलं की आपण केस नंबर लिहून घेतो आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतो. त्याच दिवशी नाव आणि जन्मतारीख वाचली आणि टंकलेखनाची चूक ऑनलाइन कळवली, तर पुढचा आय-९० टळतो. ठसे द्यायला गेल्यावरही माहिती तपासायला देतात. तिथे आपलं लक्ष पार्किंगच्या मीटरकडे. मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा घेणाऱ्यांनी पासपोर्ट हातात येताच व्हिसाचं पान वाचावं आणि चूक असेल तर विमानात बसायच्या आधी तिथेच कळवावं. इथे उतरल्यावर तीच माहिती कार्डावर जाते.

आता मागणं. फार मोठं नाही.

येत्या गणपतीत, महाप्रसादाच्या हॉलमध्ये, चपलांच्या रॅकजवळ जिथे आपण दरवर्षी विमा कंपनीवाल्यांना टेबल देतो, तिथे एक टेबल कागद तपासणीसाठी द्या. ते विमावाले काय, पेन वाटून जातात. टेबलावर एक भिंग, एक दिवा आणि दोन माणसं. ज्याला कार्ड मिळालं आहे, मिळणार आहे किंवा ज्याचे आईवडील येणार आहेत, त्याने पासपोर्ट आणि कार्ड घेऊन यावं. आम्ही फक्त अक्षराला अक्षर लावून पाहू. जुळत नसेल तर तसं सांगू. नक्कल करायची नाही, फोटो काढायचा नाही, नंबर लिहून ठेवायचा नाही, ज्याचा कागद त्याच्याच हातात राहील.

कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, हेही सगळ्यांना आधी बजावून सांगा. मी वकील नाही, मंडळात दुसरंही कुणी या विषयातलं वकील नाही. कुठला अर्ज भरायचा आणि कुठली चौकट निवडायची, हे पैसे घेऊन सांगणारे बिनपरवान्याचे एजंट आपल्या वस्तीत कमी नाहीत. आपण फुकट का होईना, त्यांच्या ओळीत जाऊन बसायचं नाही. गुंतागुंतीचं काही निघालं, म्हणजे माझ्यासारखी स्वतःच अर्जात केलेली चूक असेल, किंवा जन्मतारखेचे दोन कागद दोन तोंडांनी बोलत असतील, तर परवानाधारक वकिलाकडेच पाठवायचं. त्यासाठी मंडळाच्या निधीतून एका वकिलाचे वर्षातून दोन तास घेता आले तर उत्तम. यंदा लेझीमच्या पथकाच्या टी-शर्टवर झालेल्या खर्चापेक्षा ते जास्त होणार नाहीत. टी-शर्ट छान होते, त्याबद्दल वाद नाही. त्यावर ‘मोरया’मधला काना कुठे गेला, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

त्या जिलबीच्या दिवशी गप्प बसलेल्या माणसाची आणखी एक विनंती. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे नाही. कार्यकारिणीने महाप्रसादाच्या नोंदणीतून शोधून त्याला कळवावं की आईचं कार्ड पुन्हा एकदा पाहू या. अर्जाची प्रत असेल तर तीही घेऊन ये म्हणावं. ते अक्षर त्याच्या अर्जात नसेल, तर दुरुस्तीला एक डॉलरही लागणार नाही. आणि डाव हातात घेऊन निकाल देणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनाही टेबलावर बसायला बोलवा. त्यांचं वाचन चांगलं आहे आणि लोक त्यांचं ऐकतात.

भिंग माझ्याकडे आहे. एक्स्टेंशन कॉर्डही मीच आणतो, हॉलमधली गेल्या वर्षी जळली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोन वाढदिवसांचा एक जुना सभासद
न्यू जर्सी